पाणी वाटणारे आणि पाणी राखणारे

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव नकाशात शोधायचे तर भिंग घ्यावे लागते. पण पाण्याच्या इतिहासात या गावाचे स्थान मोठे आहे. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबून, पट्टदकल-ऐहोळेच्या देवळांना वळसा घालून ती कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. याच गावच्या रानातून कळसा नावाचा नाला निघतो. तो मात्र पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला जातो. या गावातल्या एखाद्या कौलारू घराची एक पन्हळ बंगालच्या उपसागराला पाणी देते आणि दुसरी अरबी समुद्राला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या पाण्यावरून गेली तीन-चार दशके जे चालले आहे ते आपणा सीमाभागातील वाचकांना नव्याने सांगायला नको. आपल्या घरांत दोन भाषांची वर्तमानपत्रे येतात. कन्नड वर्तमानपत्रात ‘कळसा-बंडूरी’ छापून येते, मराठीत ‘कळसा-भांडुरा’. एकात ‘महदायी’, दुसऱ्यात ‘म्हादई’. एकात हक्काचे पाणी अडवले जात असल्याची तक्रार असते, तर दुसऱ्यात हक्काचे पाणी पळवले जात असल्याची. एकाच सकाळी दोन्ही वाचणाऱ्या माणसाला वाटावे की या दोन वेगळ्या नद्या आहेत.

इतिहासाचा एक विद्यार्थी म्हणून मला या गोंधळात एक गोष्ट सारखी जाणवते. पाणी वाटून घेणाऱ्यांचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आहे. त्यांचे करार आहेत, लवाद आहेत, टीएमसीचे दशांश स्थळापर्यंतचे आकडे आहेत. पाणी राखणाऱ्यांचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. शिरसीच्या सुपारीच्या बागा, सत्तरीच्या देवराया, सह्याद्रीच्या पायवाटा आणि मोलेंचे रान यांत तो पसरलेला आहे. तो तीन भाषांत घडला, म्हणून कुठल्याच एका भाषेत पुरता सांगितला गेला नाही. तो एकत्र मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

राई, बांध आणि बेट्टा

ओढा राखायचा असेल तर त्याच्या डोक्यावरचे रान राखावे लागते, हे शहाणपण आपल्याकडे पुस्तकातून आलेले नाही. कोकणात, गोव्यात आणि आपल्या घाटमाथ्यावर देवराया होत्या, काही अजूनही आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही, वाळलेली फांदीही घरी आणायची नाही, हा बहुतेक ठिकाणचा दंडक. बहुसंख्य देवरायांत किंवा त्यांच्या पायथ्याशी एखादा झरा, तळी किंवा ओहोळ सापडतो. सत्तरी तालुक्यात बांबर गावाजवळ ‘निरंकाराची राई’ आहे. तिथे पाण्याने भिजलेल्या जमिनीत रानजायफळाच्या कुळातली झाडे उभी आहेत आणि त्यांची श्वासमुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली दिसतात. गोड्या पाण्यातली अशी दलदलीची राने सह्याद्रीत आता फारच थोडी उरली आहेत. हे रान इतकी वर्षे टिकले ते कुठल्याही वनखात्यामुळे नव्हे, निरंकाराच्या धाकामुळे आणि गावाच्या मानामुळे.

खाली किनारपट्टीला हेच काम गावकरी संस्थेने केले. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून खाजन शेते वाचवण्यासाठी बांध घालायचे, त्यांना मानशी बसवायच्या, भरती-ओहोटीच्या तालावर पाणी आत घ्यायचे आणि बाहेर सोडायचे, ही सगळी व्यवस्था गावाची होती. पोर्तुगीजांनी १५२६ साली तिसवाडीतील गावकऱ्यांचे रिवाज लेखी नोंदवून घेतले, तो ‘फोराल’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध आहे. परक्या राज्यकर्त्याला सारा वसूल करण्यासाठी आधी गावाची रीत लिहून घ्यावी लागली, यातच त्या रितीचे बळ दिसते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागायतदारांकडे ‘सोप्पिन बेट्टा’ असत. बागेला पालापाचोळ्याचे खत मिळावे म्हणून राखलेले हे रान. एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्टा, असा हिशेब इंग्रजी अमलात मान्य झालेला होता. बाग आणि रान हे एकाच शेताचे दोन भाग आहेत, ही समजूत त्यामागे होती.

या सगळ्याला ‘रामराज्य’ म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. गावकरी संस्थेत मान होता तो मोजक्या कुळांचा. राबणाऱ्या कुळवाड्याला तिथे आवाज नव्हता. देवराईच्या देवापुढेही सगळ्यांना सारखा प्रवेश नव्हता. जुन्या व्यवस्थेने पाणी राखले हे खरे, आणि माणसामाणसांत भिंती राखल्या हेही तितकेच खरे. पुढच्या स्वयंसेवी प्रयत्नांचे मोल कळायला ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते.

व्यवस्था मोडली ती एकोणिसाव्या शतकात. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारजमा झाले. गावाचे हक्क गेले आणि त्यांच्या जागी ‘सवलती’ आल्या. मुरगावहून कॅसलरॉकला येणारी रेल्वे १८८८ च्या सुमारास सुरू झाली. आपल्या लोंढा-कॅसलरॉकच्या रानाचा व्यापाराशी खरा संबंध तिथून जडला. रूळ टाकायचे तर त्याखाली लाकडी स्लीपर हवेत, इंजिनाला सरपण हवे आणि बंदरावर इमारती लाकूड हवे. ज्याला गाव ‘आमचे रान’ म्हणत होते, त्याचे आता घनफुटांत मोजमाप होऊ लागले. १९३० साली सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात बिळाशी आणि चिरनेर येथे, तसेच उत्तर कन्नड भागातही जंगल सत्याग्रह झाले. त्यामागे स्वराज्याची हाक होती, तशीच हिरावलेल्या रानाची कळही होती.

साल्कणीचे अडतीस दिवस

स्वराज्य आले, पण रानाचा हिशेब फारसा बदलला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद, प्लायवूड आणि वीज यांसाठी जंगल लागू लागले. काळी आणि शरावती या नद्यांवर धरणे झाली. नैसर्गिक रान तोडून सागाची आणि निलगिरीची लागवड झाली. १९५० साली जिल्ह्याच्या ८१ टक्के भूभागावर असलेले जंगल १९८० पर्यंत २५ टक्क्यांवर आले, असे पुढे आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. या आकड्यांबद्दल वाद घालता येईल. बागायतदाराला मात्र आकड्याची गरज नव्हती. पूर्वी मे महिन्यापर्यंत वाहणारा ओढा मार्चमध्येच थांबू लागला, हे त्याला बागेत उभे राहून दिसत होते.

पहिला मोठा प्रतिकार झाला तो बेड्ती नदीवरील जलविद्युत प्रकल्पाला. १९८१ च्या जानेवारीत शिरसी येथे एक चर्चासत्र भरले. ते भरवण्यात पुढाकार होता सुपारी विकणाऱ्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा. त्यात डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी भाग घेतला. प्रकल्पाने किती वीज मिळेल याच्या जोडीला किती बागा, किती रान आणि किती माती जाईल याचा ताळेबंद लोकांनीच मांडला. प्रकल्प बाजूला पडला. स्वयंसेवी चळवळीला अभ्यासाची जोड मिळाली की काय होते, याचा आपल्या भागातला हा आरंभीचा धडा.

त्यानंतर दोन वर्षांनी, ८ सप्टेंबर १९८३ रोजी, शिरसी तालुक्यातील साल्कणी परिसरातले स्त्री-पुरुष आणि मुले काही मैल चालत रानात गेली आणि तोडीसाठी खुणा केलेल्या झाडांना त्यांनी मिठ्या मारल्या. कन्नडमध्ये ‘अप्पिको’ म्हणजे ‘कवटाळ’. उत्तराखंडात १९७३ पासून चाललेल्या चिपकोचा हा दक्षिणेतला अवतार. सुंदरलाल बहुगुणा या भागात येऊन गेले होते, आणि चळवळीचे सूत्रधार पांडुरंग हेगडे यांनी चिपकोचे काम जवळून पाहिलेले होते. तरी हे उसने आंदोलन नव्हते. गावातले युवक मंडळ, बागायतदार, मजूर आणि घरातल्या बायका त्यात होत्या. नियमाप्रमाणे मोजकीच झाडे तोडतो, असे अधिकारी म्हणत. एक मोठे झाड पाडताना आजूबाजूची किती लहान झाडे मोडतात आणि उताराची माती कशी सुटते, हे लोकांनी त्यांना रानात नेऊन दाखवले. अडतीस दिवस पहारा चालला आणि अखेर तोड थांबली.

अप्पिकोचे ब्रीद तीन शब्दांचे होते: ‘उळिसु, बेळेसु, बळसु’. वाचव, वाढव, वापर. यातला तिसरा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. रानाला कुंपण घालून माणसाला बाहेर काढा, असे ही चळवळ म्हणत नव्हती. रान वापरायचे आहे, म्हणूनच ते राखायचे आहे, असे ती म्हणत होती. मिठ्या मारण्याची छायाचित्रे देशभर छापून आली. पण कार्यकर्त्यांची पुढची वर्षे गेली ती रोपवाटिकांत, पदयात्रांत, गावोगावच्या स्लाइड शोमध्ये आणि सरपण वाचवणाऱ्या चुली बसवण्यात. चुलीचे छायाचित्र कोणी छापत नाही, पण ओढा वाचतो तो चुलीपाशी. ज्या घरात दोन मोळ्यांच्या जागी एक मोळी पुरते, तिथल्या बाईचे निम्मे चालणे वाचते आणि रानाचा निम्मा भार उतरतो.

एक नोव्हेंबर

१ नोव्हेंबर ही तारीख सीमाभागात कशी उजाडते, हे सांगायला नको. १९५६ साली याच दिवशी बेळगाव आणि कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून एकाच गावात कोणाचा हा राज्योत्सव असतो आणि कोणाचा काळा दिवस. दुकानांची शटरे, पोलिसांच्या गाड्या, काळ्या फिती आणि लाल-पिवळे झेंडे यांत आपली एक पिढी म्हातारी झाली आणि दुसरी प्रौढ झाली.

त्याच तारखेला, १ नोव्हेंबर १९८७ रोजी, ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली. एक तुकडी कन्याकुमारीहून उत्तरेकडे चालू लागली आणि दुसरी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील नवापूरहून दक्षिणेकडे. तीन महिने चालून, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची गावे पालथी घालून, १९८८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी दोन्ही तुकड्या गोव्यात फोंड्याजवळ भेटल्या. शंभराहून अधिक संस्थांचे कार्यकर्ते वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यात चालले. मराठी मुलखात या यात्रेची बांधणी करणाऱ्यांत पुण्याचे जगदीश गोडबोले अग्रभागी होते.

तारखेचा हा योगायोग असेल, पण तो मला अर्थपूर्ण वाटतो. ज्या दिवशी आपण ‘हद्द कुठे असावी’ यावर भांडतो, त्याच दिवशी काही माणसे हद्दी ओलांडून चालायला निघाली. घाटाला राज्य नसते, असे ते म्हणत होते. सीमाप्रश्नाची वेदना मी मुळीच कमी लेखत नाही. भाषेचा प्रश्न हा माणसाच्या घराचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे, आणि ज्याने मराठी शाळेचे वर्ग ओस पडताना पाहिले आहेत त्याला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण नदीचे खोरे भाषावार प्रांतरचनेच्या आधीचे आहे. मलप्रभेच्या उगमाशी मराठी बोलतात आणि संगमाशी कन्नड. म्हादईचे पाणी मराठी-कन्नड गावांतून निघून कोंकणी बोलणाऱ्या घरी पोचते. पदयात्रेने हे साधे सत्य चालून दाखवले.

त्या यात्रेने ताबडतोब एखादे धरण थांबवले किंवा एखादा कायदा करून घेतला, असे म्हणता येणार नाही. तिने ‘पश्चिम घाट’ नावाची एक वस्तू लोकांच्या मनात निर्माण केली. तोवर शिरसीचा माणूस आपल्या बेट्टापुरता, सत्तरीचा आपल्या राईपुरता आणि आंबोलीचा आपल्या डोंगरापुरता विचार करत होता. केंद्र सरकारने २०१० साली गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला आणि २०११ साली त्याचा अहवाल आला. त्याची विचारभूमी अशा पायी चाललेल्या माणसांनी आधीच नांगरून ठेवली होती. त्या अहवालाला पुढे गावोगाव विरोधही झाला, आणि तोही लोकांच्याच नावाने. राखणाऱ्यांनी गावाला पुरेसे विश्वासात घेतले नाही की रान उपसणाऱ्यांनाच गावाचे कैवारी होता येते, हे त्यातून दिसले.

म्हादईचे राखणदार

गोव्यात १९९९ सालच्या मे महिन्यात, राष्ट्रपती राजवट असताना, राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली. निवडून आलेले सरकार नसताना हे घडले, यावर त्या वेळी टीका झाली. पण त्यामागे सत्तरी-सांग्याच्या रानात वर्षानुवर्षे फिरून नोंदी करणाऱ्या, खाणींविरुद्ध बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचा रेटा होता. त्याच सुमारास कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा योजनेला विरोध करण्यासाठी ‘म्हादई बचाव अभियान’ आकाराला आले. निर्मला सावंत आणि राजेंद्र केरकर ही त्यातली सर्वांना माहीत असलेली नावे. केरकरांनी सत्तरीच्या देवराया, लोकदैवते, धबधबे आणि प्राणी यांवर मराठीत सातत्याने लिहिले. नदीची बाजू मांडायची तर आधी तिची ओळख करून द्यावी लागते, हे त्यांच्या लेखनाचे मर्म. अभियानाने न्यायालयाचे दारही ठोठावले.

कर्नाटकाची बाजू काय होती, हेही आपण जाणतो, कारण आपले शेजारी आणि सोयरे तिकडे आहेत. केंद्राने ३० एप्रिल २००२ रोजी ७.५६ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला तत्त्वतः संमती दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती स्थगित केली. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवे होते. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्याची तहानही खरी होती. जुलै १९८० मध्ये याच मलप्रभा लाभक्षेत्रातले शेतकरी सुधारणा-कराविरुद्ध उठले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला होता. कर्नाटकातल्या रयत संघाच्या चळवळीचे एक मूळ तिथे आहे. धरण बांधले, कर लावला, पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचले नाही, ही त्यांची तक्रार. २०१५ च्या जुलैपासून नरगुंदला पुन्हा दीर्घ आंदोलन सुरू झाले, या वेळी म्हादईच्या पाण्यासाठी.

म्हणजे एका बाजूला नदी राखणारे स्वयंसेवक आणि दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी रस्त्यावर बसलेले शेतकरी. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. जुलै २०१६ मध्ये लवादाने कर्नाटकाची अंतरिम मागणी फेटाळली, तेव्हा बंद झाले, बसगाड्या थांबल्या आणि सीमेवरच्या गावांतली पोरे शाळेला चालत आली. त्या दिवसांत मला एक प्रश्न कुठल्याच व्यासपीठावरून ऐकू आला नाही: मलप्रभा स्वतः का आटली? तिच्या उगमाकडच्या रानाचे काय झाले? कमी पाण्याच्या पिकांसाठी आखलेल्या लाभक्षेत्रात ऊस किती पसरला? दुसऱ्या नदीचे पाणी मागण्याआधी आपल्या नदीचे काय झाले ते पाहावे, हा राखणाऱ्यांचा प्रश्न आहे. वाटणाऱ्यांच्या सभेत तो विचारला जात नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, आणि मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी: कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. तिन्ही राज्ये या निवाड्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. ७.५६ ची मागणी आणि ३.९ चा निवाडा यांतले अंतर लहान नाही, आणि राखणाऱ्यांनी केलेल्या नोंदींचा, त्यांनी उठवलेल्या आवाजाचा त्यात वाटा आहे असे मी मानतो. तरीही निवाड्याच्या पानांत ओढा हा आकडाच राहतो. पाणी वळवल्यावर खालच्या राईत चिखल उरेल का आणि झाडांची श्वासमुळे कशाचा श्वास घेतील, याला टीएमसीत उत्तर नाही.

विजय आणि त्याच्या मर्यादा

२०११ च्या डिसेंबरात आपल्या तालुक्यातले भीमगड अभयारण्य जाहीर झाले. १९०.४२ चौरस किलोमीटरचे हे रान म्हणजे म्हादईचे माहेर. देगावपाशी ती इथेच उगम पावते. शिवछत्रपतींचा भीमगड आणि बारापेडे गुहांतली जगभर दुर्मिळ अशी रॉटनची वटवाघळे याच रानातली. या अभयारण्यासाठी बेळगाव-खानापूरच्या निसर्गप्रेमींनी पाठपुरावा केला. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी गिर्यारोहक. पदरचे पैसे घालून रविवार रानात काढणारी ही माणसे.

गोव्यात एप्रिल २०२० पर्यंत मोलेंच्या रानातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांना वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मान्यता मिळाली: रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी. माणसे घरात कोंडलेली असताना ‘आमचें मोलें’ ही मोहीम उभी राहिली. तिच्यात विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार होते. त्यांनी चित्रे काढली, अहवाल वाचून त्यांतल्या चुका दाखवल्या, हजारो पत्रे लिहिली. नोव्हेंबर २०२० च्या आरंभी चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर उभे राहिले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळें दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. १८८८ साली ज्या रेल्वेने या रानाला व्यापाराच्या दावणीला बांधले, त्याच रेल्वेच्या दुसऱ्या रुळाला त्या रानानिमित्त थांबावे लागले. इतिहासात असा जबाब द्यायला एकशे चौतीस वर्षे लागतात.

पण सगळाच इतिहास विजयाचा नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोगाचा गुन्हा होता, आणि ज्यांना अटक झाली ते गुरे राखणारे वनवासी कुटुंब होते. वाघ मेला ही एक हानी. रानात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाला वाघ शत्रू वाटावा, ही दुसरी आणि जास्त खोल हानी. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा शहरात आनंद झाला आणि सत्तरीच्या वाड्यांत धास्ती. आपल्या भीमगडातही हेच आहे. गवळी, तळेवाडी, आमगाव यांसारख्या रानातल्या गावांना रस्ता नको म्हणणारे आपण बेळगावात डांबरी रस्त्यावर राहतो, आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणणारे ते लोक आपल्या नावाने बोटे मोडतात. साल्कणीने ‘वापर’ हा शब्द ब्रीदात घेतला होता, तो का घेतला होता हे अशा वेळी कळते.

ओढ्याचे नाव

या चाळीस वर्षांच्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. एक, जिथे राखणारे आणि राबणारे एकच होते, तिथे यश लवकर आले आणि टिकले. बाहेरच्यांनी राखायचे आणि आतल्यांनी सोसायचे असा प्रकार झाला, तिथे विजयाच्या दिवशीच पुढच्या भांडणाचे बी पडले. दुसरी, नुसत्या भावनेने काही थांबले नाही. बेड्तीपासून मोलेंपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसून कागद वाचले, झाडे मोजली, पाणी मोजले. तिसरी, थांबवणे सोपे आणि सांभाळणे कठीण. तोड थांबवायला अडतीस दिवस पुरले. चुली बसवायला वर्षे लागली.

आणि यातले बहुतेक काम घाटात झाले, गावात झाले नाही. बेळगावात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत खास विहीर खणली होती. ती ‘काँग्रेस विहीर’ आजही ओळखीची आहे. पुढे घरोघर नळ आले आणि शहरातल्या विहिरी कचऱ्याने भरल्या; टंचाई आली तेव्हा त्यांतल्या कित्येक पुन्हा उपसाव्या लागल्या. घरात नळ आला की विहिरीची ओळख जाते, आणि ओढ्याची तर त्याआधीच गेलेली असते. शहरातून वाहणाऱ्या नाल्याला आपण ‘गटार’ म्हणू लागतो, आणि एकदा ते नाव पडले की त्यात काहीही टाकायला मन धजते.

वर्गात मी मुलांना विचारतो, मलप्रभा कुठे उगम पावते? सगळे हात वर होतात. मग विचारतो, शाळेमागच्या ओढ्याचे नाव काय? वर्ग गप्प होतो. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही इयत्ता नववीच्या मुलांना एक काम दिले: आपल्या गावातल्या प्रत्येक ओढ्याचे, झऱ्याचे आणि तळ्याचे नाव आजी-आजोबांना विचारून लिहून आणा, आणि त्याचे पाणी कोणत्या महिन्यात थांबते तेही लिहा. मुलांनी आणलेल्या याद्या पाहून मी थक्क झालो. एकाच ओढ्याला वरच्या गावात मराठी नाव, खालच्या गावात कन्नड, कागदोपत्री तिसरेच. कुठे ‘ओहोळ’, कुठे ‘हळ्ळ’, कुठे ‘झर’. कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या गुरुजींना ती यादी दाखवली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांकडून त्यात भर घालून दिली. दोन भाषांच्या शाळांनी मिळून केलेले ते आमच्या भागातले बहुधा पहिलेच काम असावे. भांडण झाले ते एवढ्यावरच, की यादीत कोणते नाव आधी लिहायचे. शेवटी मुलांनी दोन रकाने आखले.

पाणी थांबण्याच्या महिन्याचा रकाना मात्र एकच आहे. तो आम्ही दर वर्षी भरतो. जिथे आजोबांनी ‘वैशाख’ सांगितला तिथे नातवाला ‘फाल्गुन’ लिहावे लागते आहे, अशी ठिकाणे त्यात वाढत आहेत. येत्या पावसाळ्यात त्यातल्या दोन ओढ्यांच्या डोक्यावर, दोन्ही शाळांच्या मुलांनी आणि तिथे गुरे चारणाऱ्या घरांनी मिळून झाडे लावायची असे ठरले आहे. कुठली झाडे लावायची, हे गुरे चारणारेच सांगणार आहेत.